पाय दाबा, बुक्की मारतो: रेट्रो सुपरहिरो फिगर गोळा करायच्या तर

सुपरमॅनचे दोन्ही पाय मांडीपाशी चिमटीत धरायचे आणि हळूच एकमेकांकडे दाबायचे, की त्याचे हात सटकन हलून बुक्की मारतात. बॅटरी नाही, चावी नाही, काही नाही. सोडलं की हात परत खाली. १९८४ ची ही खेळणी, केनर कंपनीची सुपर पॉवर्स लाइन (म्हणजे एका नावाखाली निघालेली बाहुल्यांची मालिका), आणि माझ्या हातात पहिल्यांदा आली ती वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ओहायोत, स्प्रिंगफील्डच्या फ्ली मार्केटमध्ये. तेव्हा आम्ही सिनसिनाटीजवळ मेसनला राहायचो. बायको पुढे बिडाचे तवे बघायला गेली होती आणि मी एका आजोबांच्या टेबलापाशी बुटांच्या खोक्यात हात घालून उभा. खोक्यात वीसेक बाहुले एकमेकांवर पडलेले. मी सुपरमॅन उचलला, उगाच पाय दाबले, त्याने बुक्की मारली आणि मी दचकलो. आजोबा काही बोलले नाहीत, नुसते हसले, त्यांना माहीत होतं गिऱ्हाईक गळाला लागलंय.

बारा डॉलर दिले. घरी येऊन नेटवर बघतो तर कळलं की याला लाल कापडी केप असते, माझ्याकडची गायब. म्हणजे बघा, सुपरमॅनच्या पाठीवर केप नाही हे ज्याच्या लक्षात आलं नाही असा माणूस मी, आणि आज तुम्हाला शिकवायला बसलोय. पण ती ओरिजिनल केप एकटी शोधायला गेलो तर तिची किंमत अख्ख्या सुपरमॅनच्या आसपास, आणि तिथेच या छंदातली मेन गोष्ट कळली, की इथे पैसा बाहुल्यात कमी आणि त्याच्या चिल्लरमध्ये जास्त असतो. केप, छत्री, हातोडा, भाला, कंदील. पोरांनी जे पहिल्या आठवड्यात सोफ्याखाली हरवलं तेच आज महाग. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

रेट्रो म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी, आधी त्या वेगळ्या करा

एक म्हणजे खरीखुरी जुनी खेळणी. दुसरी म्हणजे आत्ता बनवलेली पण जुन्या धाटणीची. नवीन माणूस दोन्ही एकत्र शोधतो आणि मग 'सुपर पॉवर्स सुपरमॅन, विंटेज' असं लिहिलेलं दोन वर्षांपूर्वीचं खेळणं चढ्या भावात घेऊन बसतो.

जुन्यात पहिलं नाव मेगोचं. १९७२ पासून त्यांनी आठ इंची सुपरहिरो काढले, वर्ल्ड्स ग्रेटेस्ट सुपर हीरोज नावाने, आणि गंमत म्हणजे डीसी आणि मार्व्हल या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन्ही कॉमिक कंपन्यांचे हिरो एकाच खेळणी कंपनीकडे, आज हे स्वप्नातही होणार नाही. अंगात शिवलेले कपडे, पायात बूट. आतली बॉडी बहुतेकांची सारखीच, फक्त डोकं आणि कपडे बदलायचे, म्हणजे एका साच्यावर पन्नास गिऱ्हाइकं. धंद्याचं डोकं होतं त्या माणसांना. फक्त एकदा चुकले: स्टार वॉर्सचं लायसन्स त्यांच्याकडे चालून आलं होतं, त्यांनी नाही म्हटलं. ते केनरने घेतलं, पावणेचार इंची छोट्या फिगर काढल्या, आणि पुढे सगळ्या बाजाराचं मापच बदललं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच मेगोचं दिवाळं निघालं.

हे केनर सिनसिनाटीचं बरं का. १९४६ मध्ये स्टायनर नावाच्या भावांनी तिथल्या केनर स्ट्रीटवरून नाव घेऊन काढलेली कंपनी. पुढे ती फिरत फिरत १९९१ मध्ये हॅस्ब्रोकडे गेली आणि सिनसिनाटीचं ऑफिस २००० मध्ये बंद झालं. त्यामुळे त्या भागातल्या जुन्या बाजारात केनरचा माल दिसला की मला उगाच गावातलं खेळणं भेटल्यासारखं वाटायचं.

तर १९८४ मध्ये केनरकडे डीसीचं लायसन्स आलं आणि सुपर पॉवर्स निघाली. मॅटेल या दुसऱ्या खेळणी कंपनीलाही डीसीच हवं होतं, ते मिळालं नाही म्हणून त्यांनी मार्व्हल घेतलं आणि त्याच वर्षी सीक्रेट वॉर्स नावाची लाइन काढली. मार्व्हलचे तेव्हाचे एडिटर जिम शूटर सांगायचे की मॅटेलच्या पाहणीत मुलांना 'सीक्रेट' आणि 'वॉर्स' हे दोन शब्द आवडतात असं निघालं, म्हणून नाव तसं. म्हणजे आधी खेळण्याचं नाव ठरलं आणि मग कॉमिक लिहिलं. आणि खरं सांगू का, फिगर हातात घेतली की ते जाणवतं. सुपर पॉवर्सचे बाहुले कॉमिकमधून उतरल्यासारखे दिसतात, त्यांच्या पॅकिंगवरची चित्रं डीसीचे चित्रकार होसे लुईस गार्सिया-लोपेझची होती. सीक्रेट वॉर्सवाल्यांना एकेक ढाल देऊन टाकलेली, कॅप्टन अमेरिकाला ठीक आहे हो, डॉक्टर डूमला ढाल कशाला? पण त्या ढालीत हलवली की बदलणारी चित्रं असतात आणि लहान पोरांना तीच आवडायची, त्यामुळे गप्प बसतो.

आता नवीन पण जुन्या धाटणीचे. मेगो २०१८ मध्ये परत आली, सुरुवातीला टार्गेट स्टोअर्समधून. मॅकफार्लेन कंपनीने २०२२ मध्ये सुपर पॉवर्स नाव परत काढलं, जुन्याच मापाच्या आसपास, तसंच कार्ड (म्हणजे ज्यावर फिगर पॅक केलेली असते तो छापील पुठ्ठा), कापडी केप, आणि सुरुवातीला किंमत दहा डॉलरच्या आत. माझ्या मते नवख्या माणसासाठी यासारखी सुरुवात नाही, फक्त त्यात पाय दाबून बुक्की मारायची करामत नाहीये हे आधीच सांगतो, मी दाबून बघितलेत. हॅस्ब्रोचं मात्र नीट बघून घ्या, कारण त्यांचे दोन प्रकार आहेत. एक सहा इंची मार्व्हल लेजेंड्स, ज्यात फक्त कार्ड टॉय बिझ या जुन्या कंपनीच्या मार्व्हल खेळण्यांसारखं आणि आतली फिगर अगदी आजची, वीस ठिकाणी वाकणारी. आणि दुसरे पावणेचार इंची, ज्यात जुन्यासारखे फक्त पाच जॉइंट, मान, दोन खांदे, दोन मांड्या, बास. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. माझ्या एका मित्राने पहिला समजून दुसरा मागवला आणि पार्सल उघडून म्हणाला, अरे हा तर बोटाएवढा आला! सुपर सेव्हन कंपनीचे रिअ‍ॅक्शन नावाचे बाहुलेही याच पावणेचार इंची पाच जॉइंटवाल्या गटातले.

एकच माप, एकच लाइन

हा माझा एकमेव हट्ट. शेल्फवर आठ इंची मेगो बॅटमॅनशेजारी पावणेचार इंची आयर्न मॅन उभा केला की तो बॅटमॅनचा कडेवरचा मुलगा दिसतो. एक माप ठरवा. त्यातही एक लाइन ठरवा आणि शक्यतो संपणारी लाइन ठरवा.

म्हणूनच मी सुपर पॉवर्स घेतली. पहिल्या वर्षी १२, १९८५ मध्ये ११, १९८६ मध्ये १०, आणि एक क्लार्क केंट जो दुकानात मिळायचाच नाही, पॅकिंगवरचे कूपन कापून पोस्टाने मागवायला लागायचा. एकूण ३४, विषय संपला. सीक्रेट वॉर्स अजून छोटी, अमेरिकेत १३ आणि वर तीन, आइसमॅन, इलेक्ट्रो आणि कन्स्ट्रिक्टर, जे फक्त युरोपात निघाले आणि म्हणून डोकं खातात. मेगोच्या नादी लागताना मात्र जपून, तिथे एकाच बॅटमॅनचे मुखवटा निघणारा आणि मुखवटा रंगवलेला असे वेगळे प्रकार आहेत, हातमोज्यांचे प्रकार आहेत, बॉडीचे दोन प्रकार आहेत, जुन्या बॉडीत कोपर-गुडघ्याला धातूच्या पिना आणि नंतरच्यात प्लास्टिकच्या. आवडत असेल तर स्वर्ग, नाहीतर खिशाला भोक.

सुपर पॉवर्समध्येही पहिल्या १२ पासून सुरू करा. ते भरपूर विकले गेले त्यामुळे आजही मिळतात. दुसऱ्या वर्षी डार्कसाइड हा खलनायक आणि त्याची टोळी आली, ती पात्रं जॅक कर्बी या कॉमिक चित्रकाराची, आणि या खेळण्यांसाठी त्यांची डिझाइन परत करायला कर्बींनाच बोलावलं म्हणजे त्यांना रॉयल्टी देता यावी. आपल्या पात्रांचा पुरेसा मोबदला कधी न मिळालेल्या माणसाला म्हातारपणी खेळण्यांवर का होईना पण पैसे मिळाले, त्यामुळे माझ्याकडचा डार्कसाइड मी जरा मानाने ठेवलाय. तिसऱ्या वर्षापर्यंत पोरांचा उत्साह आटला होता, विक्री कमी, म्हणून आज तेच महाग. त्यात सायबॉर्ग सगळ्यात त्रासदायक, कारण फिगर आधीच दुर्मिळ आणि वर त्याच्या हाताला लावायचे सुटे पार्ट चिमुकले. सायबॉर्गपासून सुरुवात करू नका, इतकंच.

टेबलापाशी उभं राहून काय बघायचं

समजा तुम्ही अमेरिकेत आहात, रविवार आहे, फ्ली मार्केट किंवा अँटिक मॉल किंवा टॉय शो, शिकागोजवळ सेंट चार्ल्सला केन काउंटीचा मोठा भरतो तसा. समोर खोका आहे. आता काय?

आधी हात लावायला विचारा. हसू नका, कित्येक जण विचारत नाहीत आणि मग दुकानदार वैतागतो. विचारलं की बहुतेक जण खुशीत देतात.

मग करामत चालवून बघा. प्रत्येकाची वेगळी असते. सुपरमॅन, बॅटमॅनचे पाय दाबले की बुक्की, वंडर वुमनचे दाबले की हात वर येऊन बांगड्यांनी गोळ्या अडवतात, हॉकमॅनचे दाबले की पंख हलतात. फ्लॅशचं उलटं, त्याचे हात दाबायचे आणि पाय पळतात. हे माहीत नसेल तर तुम्ही फ्लॅशचे पाय दाबत बसाल आणि 'बिघडलाय' म्हणून खाली ठेवाल, आणि मागचा माणूस तो उचलून जाईल. (तो मागचा माणूस दोनदा मी होतो.) दाबताना हळू दाबा. चाळीस वर्षांचं प्लास्टिक आहे, जोर केला की आतला तुकडा मोडतो आणि अंग चिकटवलेलं असल्यामुळे उघडून दुरुस्त करायची सोय नाही. हात अर्धवट येऊन अडकत असतील तर तो भाव वेगळा, अजिबात हलत नसतील तर अजून वेगळा, आणि हे तुम्ही बोलून दाखवायचं, शांतपणे, भाजीवाल्याला कोथिंबिरीची पिवळी पानं दाखवतो तसं.

मग जॉइंट. पोटापाशी धरून आडवा करा, पाय आपोआप लोंबले तर तो उभा राहणार नाही, शेल्फवर आडवाच झोपणार. मग रंग. रंग आधी जातो तो नाकाच्या शेंड्याचा, केसांच्या पुढच्या झुपक्याचा, मुठींचा आणि छातीवरच्या चिन्हाचा, म्हणजे जिथे जिथे पोरांची बोटं घासली तिथे. नाकाचा थोडा गेला असेल तर मला चालतो. छातीवरचं चिन्ह अर्धं गेलं असेल तर नाही चालत. आणि कुणी नवीन रंग मारलाय का ते बघा, उजेडात तिरका धरला की मारलेला रंग जास्त चकाकतो आणि कडेला ब्रशची रेघ दिसते.

मागे पायावर किंवा पाठीवर बारीक अक्षरांत कॉपीराइटचं साल असतं, ते वाचायला भिंग ठेवा नाहीतर फोनचा कॅमेरा झूम करा. पण लक्षात घ्या की ते साल साच्याचं किंवा पात्राच्या हक्काचं असतं, ती फिगर त्याच वर्षी बनली असं नाही. तरी एक उपयोग होतो, २०२२ दिसलं की आजोबांना नमस्कार करून पुढे निघायचं.

शेवटी चिल्लर. पहिल्या बारांचं पाठ करून टाका: सुपरमॅन, बॅटमॅन, रॉबिनला केप. जोकरला हातोडा, पेंग्विनला छत्री, अ‍ॅक्वामॅनला त्रिशूळ, ग्रीन लँटर्नला कंदील, हॉकमॅनला गदा, वंडर वुमनला दोरी. फ्लॅश, ब्रेनिअ‍ॅक आणि लेक्स लूथरच्या हातात काही नसतं, म्हणून हे तिघं लूज, म्हणजे पॅकिंगशिवाय सुटे, मिळाले तरी 'कंप्लीट', आणि म्हणूनच नवख्याने आधी हे तिघं घ्यावेत. हा सल्ला मला कुणी दिला असता तर निदान शंभर डॉलर वाचले असते.

आणि एक युक्ती. फिगरचा भाव ठरवून झाला की खोक्याच्या तळाशी बघा. तिथे धूळ, जुने स्क्रू, तुटका क्रेयॉन आणि कधीकधी छोटीशी छत्री असते. पेंग्विनची छत्री मला अशी मिळाली, एका जी. आय. जो ट्रकच्या चाकाखाली अडकलेली. विचारलं कितीला, बाई म्हणाल्या घेऊन जा. मी बाहेर गाडीत बसेपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही.

ऑनलाइन घेताना

इबेवर लोक मागतात तो भाव आणि जातो तो भाव यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. 'सोल्ड आयटम्स'चा फिल्टर लावा आणि शेवटच्या दहा-बारा विक्री बघा, तो खरा बाजारभाव. कुणीतरी चारशे डॉलर लावून तीन वर्षं बसलाय, तो बसू दे.

फोटो मागा. समोरून, मागून, पायाच्या मागची अक्षरं, आणि करामतीचा पाच सेकंदांचा व्हिडिओ. जो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडे घ्यायचं नाही, मग कितीही स्वस्त असो.

सगळ्यात मोठी फसवणूक रिप्रोची. म्हणजे नवीन बनवलेले नकली पार्ट. ते विकणं हा काही गुन्हा नाही, बरेच जण 'रिप्रो' असं सरळ लिहून विकतात आणि ज्याला फक्त शेल्फवर उभा करायचाय त्याने जरूर घ्यावेत. गडबड होते जेव्हा तो पार्ट दुसऱ्या-तिसऱ्या हातात जातो आणि तो शब्द मधे कुठेतरी गळून पडतो. मी जोकरचा हातोडा घेतला एका विक्रेत्याकडून, ओरिजिनल म्हणून, चांगले पैसे मोजून. आला तेव्हा छान दिसला. महिनाभराने एका मित्राकडचा शेजारी ठेवला तर माझ्या हातोड्याच्या कडा जराशा गोलसर, साबण वापरून झिजल्यासारख्या, हिरवा रंग एक शेड वेगळा आणि नखाने दाबलं तर किंचित मऊ. कारण साधं आहे, ओरिजिनलवरून साचा काढून ओतलेला पार्ट थोडा बोथट येतो आणि मापातही केसभर लहान. एकटा ठेवला तर कळत नाही, जोडीला ठेवला की लगेच कळतं. म्हणून पहिला ओरिजिनल पार्ट खात्रीच्या माणसाकडून, हातात बघून घ्या, आणि मग तो तुमची मोजपट्टी. केपचंही तेच, कापडाचा पोत, शिलाई, मानेपाशी अडकवायची पद्धत, हे एकदा खरं हातात घेतलं की बोटं शिकतात.

लॉट म्हणजे घाऊक पिशवी दिसली तर विचार करा. दहा फिगरची पिशवी, त्यातल्या चार तुम्हाला हव्यात, उरलेल्या सहा विकून टाकायच्या. मी असं करून अर्धी लाइन जवळपास फुकटात जमवली. फक्त उरलेल्या खरंच विका. माझ्याकडे अजून तीन अ‍ॅक्वामॅन आहेत.

कार्डवरचे घ्यावेत का

जुने, न उघडलेले, कार्डेड? माझं मत विचाराल तर नको. भाव पाचपट-दहापट, ब्लिस्टरचं, म्हणजे फिगरवरच्या पारदर्शक फुग्याचं, प्लास्टिक पिवळं पडतं, गोंद वाळून ते कार्डापासून सुटतं, आणि कुणी उघडून परत चिकटवलेलं असेल तर ओळखायला अनुभव लागतो. एएफए नावाची संस्था आहे, ती तपासून शंभरपैकी मार्क देते आणि अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत सील करून पाठवते. पैसे गुंतवणाऱ्यांना ते बरं. पण मग पाय दाबायचे कसे?

नवीन मॅकफार्लेन वगैरे मात्र एक उघडा आणि परवडत असेल तर एक कार्डवर भिंतीला लावा, दिसतात मस्त.

धुणं आणि दुरुस्ती

कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विड सोपचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ टूथब्रश. बास. करामतवाल्या फिगर पाण्यात बुडवून ठेवू नका, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते, ओल्या फडक्याने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर यांचं नावसुद्धा काढायचं नाही, डाग जाईल आणि त्याच्याबरोबर तोंडही जाईल.

केप कधी मशीनमध्ये टाकू नका, आणि घरी कुणाला 'जरा भिजत घाल' म्हणून सांगू नका. माझी आई तेव्हा अमेरिकेत आलेली होती, तिने रॉबिनची पिवळी केप बाकीच्या फडक्यांबरोबर भिजवली आणि वर दोन तास उन्हात घातली, कडक. रंग गेला म्हटलं तर म्हणाली, कच्चा रंग असेल, चांगल्या दुकानातून घेत जा. तर, गार पाणी, एकटीच, दोन मिनिटं, आणि टॉवेलवर सावलीत पसरून.

पांढरे भाग पिवळे पडलेले असतात ते हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले की उजळतात, ही युक्ती सगळीकडे सांगतात. उजळतात खरे, पण काही वर्षांनी पिवळेपणा परत येऊ शकतो आणि रंगवलेल्या भागाला धोका. मी फक्त न रंगवलेल्या पार्टवर करतो.

मेगोच्या अंगात इलॅस्टिक असतं, ते ढिलं पडलं की हातपाय लोंबतात. बदलता येतं, आकड्याने ओढून घालायचं असतं, पण पहिला प्रयोग मोडक्या, कपडे नसलेल्या बॉडीवर करा. नवीन पावणेचार इंची मऊ प्लास्टिकवाल्यांचे पाय पॅकिंगमुळे वाकडे येतात, ते गरम पाण्यात अर्धा मिनिट धरून सरळ करायचे आणि लगेच गार पाण्यात, की तसेच राहतात.

इकडे आणताना आणि इकडे आल्यावर

भारतात कुरिअरने मागवायचं असेल तर आधी गणित करा. खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. चालू दर काय तो मागवायच्या दिवशी तपासा, वर टॅक्स आणि कुरिअरवाल्याचा हाताळणी खर्च धरा, म्हणजे दहा डॉलरचा बाहुला दारात येईपर्यंत काय होतो ते कळेल. त्यामुळे बहुतेक जण कुणी येणारं-जाणारं असेल त्याच्या बॅगेत टाकतात. आपल्या लोकांत डिसेंबरमध्ये कुणीतरी येतच असतं. फक्त कार्डेड द्यायचा असेल तर बॅगेत मधोमध, कपड्यांच्या घडीत, कार्डाच्या मापाचा पुठ्ठा दोन्ही बाजूंनी लावून. सुटे पार्ट औषधाच्या रिकाम्या डबीत, हँडबॅगेत.

इथे जुनं शोधायचं तर पुण्याचा जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी, आणि मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट. खरं सांगायचं तर तिथे केनर किंवा मेगो सापडेल या आशेने जाऊ नका. सापडतील ते फनस्कूलचे जी. आय. जो आणि लिओचा ही-मॅन, आपल्या पिढीला दिवाळीत मिळायचे ते, आणि त्यांनाही परदेशात विचारणारे लोक आहेत. आणि सापडतील जत्रेतले सुपरमॅन. आठवतात का, पोकळ, हलक्या प्लास्टिकचे, छातीवर कसलंतरी चिन्ह, केप कधी निळी? त्यांचा वेगळाच नाद असलेले लोक आहेत आणि मला तो नाद अजिबात हास्यास्पद वाटत नाही. माझ्याकडे एक आहे, त्याचं तोंड पन्नाशीतल्या हेडमास्तरांसारखं आहे.

पुण्यात परत आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात धडा मिळाला. ऑगस्टमध्ये कपाट उघडलं तर फिगरबरोबर आलेल्या दोन मिनी कॉमिकवर पांढरी बुरशी आणि डॉक्टर फेटच्या केपला कोंदट वास. ओहायोत हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की हा विचारच कधी आला नव्हता. तेव्हापासून कपाट बाहेरच्या भिंतीला नाही, आतल्या भिंतीला. प्रत्येक खणात सिलिका जेल, रंग बदलणारी, निळ्याची गुलाबी झाली की तापवून कोरडी करायची आणि परत ठेवायची. कार्ड आणि कॉमिक वर्तमानपत्रात गुंडाळायचे नाहीत, शाई लागते. मऊ पीव्हीसीच्या पिशव्यांत फिगर वर्षानुवर्षं बंद ठेवायच्या नाहीत, प्लास्टिकमधला तेलकटपणा बाहेर येऊन त्या चिकट होतात. झाल्याच तर सोपच्या पाण्याने धुवून हवेशीर ठेवा. पश्चिमेची खिडकी असेल तर पडदा. डांबराच्या गोळ्या अजिबात नको, त्यातल्या काही गोळ्यांच्या वाफेने प्लास्टिक मऊ पडतं, झुरळांसाठी दुसरं काहीतरी करा.

३४ पैकी माझे २७ झालेत. कपाटाला काच आणि कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. तो केप नसलेला बारा डॉलरचा सुपरमॅन मात्र बाहेर टीव्हीशेजारी असतो, त्याला केप मी मुद्दाम घेतलीच नाही, आणि घरी पोरं आली की तोच हातात देतो. परवा भाचा आला होता, सहा वर्षांचा. त्याने उलटासुलटा करून बघितला, पाठ तपासली, पायाखाली बघितलं आणि विचारलं, मामा, याला चार्ज कुठून करायचं?